अर्धा वर्ग तुझ्याविना बसणार आहे, त्याची तयारी कर

या वेळचं पत्र एका नव्या शिक्षिकेचं आहे. थोडं आटोपतं करून देते.

‘बाई, मी परभणीकडची, वय 24. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाली आणि एप्रिलअखेर मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेविका म्हणून रुजू झाले. लगेच सुट्टी लागली. शाळा पहिली ते चौथी, पट 23, शिक्षक दोनच, मी आणि मुख्याध्यापक सर. पहिली-दुसरी माझ्याकडे, मुलं 11, खोली एक. सुट्टीत वर्षभराचं नियोजन लिहून काढलं, वडिलांकडून पैसे घेऊन पाच हजारांचे तक्ते आणि सजावटीचं सामान आणलं, तरी रात्री झोप नाही. मुलांची मालवणी मला कळत नाही, माझं बोलणं ऐकून ती हसतात. दोन मुलांच्या घरी कन्नड बोलतात. ओळखीचे एक सर म्हणाले, पहिला महिना हसायचं नाही, नाहीतर मुलं डोक्यावर बसतात. गावातली एक आजी तोंडावर म्हणाली, “तुमी तरी किती वर्सां रवतलास?” म्हणजे किती वर्षं राहाल. माशांच्या वासाने मळमळतं, हेही सांगून टाकते. आणखी काय काय तयारी करू? आणि पहिल्या दिवशी साडी नेसू का?’

प्रिय नव्या बाई,

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची आहेस. तुझं नियोजन चोख असणार, डी.एड.ला तेवढं तरी घोटून घेतात. पहिलीला कधी काय, दुसरीला कधी काय, सगळं तू मांडलंयस. पण तू पहिलीच्या पोरांना ‘क’ गिरवायला शिकवत असशील तेव्हा दुसरीची सहा मुलं त्याच खोलीत काय करत असतील? तुझ्या पत्रात याबद्दल एक ओळ नाही. माझ्या मते तुझ्या पहिल्या वर्षाचा सगळा प्रश्न एवढाच आहे. बाकी गोष्टी होतील.

हिशेब बघ. खोली एक, वर्ग दोन, बाई एक. म्हणजे प्रत्येक वर्ग निम्मा दिवस तुझ्याविना बसणार. त्यात सरांना महिन्यातून केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जावं लागतं, कधी पंचायत समितीत, कधी बँकेत, कधी निवडणुकीच्या कामाला. त्या दिवशी चारही वर्ग तुझ्यासमोर. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक बसतात, त्यामुळे कोकणातल्या वाडीवाडीच्या शाळांत चार वर्गांना दोन माणसं हीच रीत आहे. गंमत अशी की डी.एड.च्या सरावपाठात तुला एक वर्ग, एक घटक, मागे निरीक्षक आणि गप्प बसलेली मुलं मिळतात. तसा तास तुझ्या शाळेत वर्षभरात एकही होणार नाही.

तेव्हा हातात असलेल्या दिवसांत तू ‘मी काय शिकवू’ची वही मिटून ठेव आणि ‘मी तिकडे नसताना त्यांनी काय करायचं’ याची वही उघड. या कामाला मी तीन अटी लावते. एक, कामाचा प्रकार मुलांच्या सवयीचा हवा. नवीन काही असेल तर ते तुझ्यासोबत, तुझ्याशिवाय करायचं ते आधी चार वेळा केलेलं. दोन, बरोबर की चूक हे त्यांचं त्यांना कळायला हवं, नाहीतर दर दोन मिनिटांनी पाटी घेऊन रांग लागते. तिसरी अट सगळ्यात जास्त विसरली जाते. काम संपल्यावर पुढे काय, हे आधीच ठरलेलं हवं. ‘बाई, झाला!’ ही हाक तुला दिवसातून पन्नास वेळा ऐकू येईल. ज्याचं झालं त्याने उठून कोपऱ्यातल्या खोक्यातलं गोष्टीचं पुस्तक घ्यायचं की पाटीवर चित्र काढायचं, हे जूनमध्येच पक्कं झालं तर जुलैत तुझा घसा वाचेल.

एक तास जवळून दाखवते. परिपाठ झालाय, बाहेर पाऊस आहे. अकराही मुलं चटईवर गोल बसलीत. पहिली दहा मिनिटं सगळ्यांची मिळून, एखादं गाणं, नाहीतर वीसपर्यंतची उलटी मोजणी. ही सगळ्यांना मिळून मोजायला मजा येते, पहिलीची पोरं दुसरीच्या मागून ओढली जातात. मग दुसरीच्या जोड्या पाडायच्या. प्रत्येक जोडीसमोर चिंचोक्यांची वाटी. एकाने मूठ भरून काढायची, दुसऱ्याने मूठ भरून काढायची, दोघांनी आपापली मूठ मोजून पाटीवर लिहायची, तिथेच बेरीज करायची, मग दोन्ही मुठी एकत्र करून मोजायच्या आणि पाटीवरची बेरीज ताडून बघायची. चुकलं तर चिंचोके सांगतात, तुला विचारायला यावं लागत नाही. तेवढ्यात तू पहिलीच्या पाचांना घेऊन खिडकीपाशी बसायचं. त्यांना अक्षर शिकवायचं असेल तर ते आवाजापासून, वस्तूपासून शिकव. पंधरा मिनिटं, जास्त नाही. सहा वर्षांचं पोर त्यापुढे तुझ्याकडे बघतं, पण ऐकत नाही.

मग अदलाबदल. पहिलीला शिंपल्यांचा ढीग द्यायचा. मोठ्या वेगळ्या, छोट्या वेगळ्या, खवल्याखवल्याच्या वेगळ्या, गुळगुळीत वेगळ्या. त्यातली प्रत्येक शिंपली कुठे मिळते हे त्यांना तुझ्याहून चांगलं ठाऊक असतं. समुद्राकाठच्या शाळेत हे साहित्य फुकट आहे आणि काजूच्या बियाही मुबलक. तोपर्यंत तू दुसरीकडे जायचं आणि हातच्याची बेरीज, म्हणजे ज्याला तूच हवीस ते, घ्यायचं. शेवटची पाच मिनिटं पुन्हा सगळी एकत्र. दुसरीतल्या एखाद्याने पहिलीला एक पान वाचून दाखवायचं. चाचरत वाचणारा मुलगा मोठ्यांसमोर तोंड उघडत नाही, पण पहिलीच्या पोरांसमोर त्याचा रुबाब बघ.

हा तास पहिल्या आठवड्यात तुला जमणार नाही. मुठी उधळल्या जातील, चिंचोके नाकात जातील (हे खरंच होतं, लक्ष ठेव). म्हणून जूनभर धड्यांच्या मागे धावू नकोस. बसायचं कसं, वाटी आणायची कशी, परत ठेवायची कुठे, बाई दुसऱ्या वर्गाजवळ असताना आधी शेजाऱ्याला विचारायचं आणि मग बाईंना, हे सगळं शिकवायचे घटक समज आणि तसा वेळ दे. कुणी केंद्रप्रमुख येऊन विचारतील, ‘घटक मागे का?’ तेव्हा शांतपणे सांग, वर्ग बसवतेय. अनुभवी केंद्रप्रमुखाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

सर नसतील त्या दिवसासाठी एक वेगळी पिशवी भरून ठेव. तिसरी-चौथीसाठी दहाबारा कार्डं पुरतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिही. ‘पाच डझनी हापूसच्या पेटीत किती आंबे? अशा तीन पेट्यांत?’ असला प्रश्न चौथीतलं पोर झटक्यात सोडवतं, बागेत पेट्या भरताना त्याने पाहिलेलं असतं. पुस्तकातल्या सफरचंदांनी तसं होत नाही.

आता त्या पाच हजारांच्या सामानाबद्दल. दुखेल, पण ऐक. कोकणात जुलैत भिंत घामेजते. साधा कागदी तक्ता आठ दिवसांत लोळागोळा होतो, क्रेपच्या फुलांचा रंग खाली उतरतो आणि थर्माकोलमागे कोळी, पाली राहायला येतात. लॅमिनेट केलेलं असेल तेवढं सुतळीवर टांग, बाकीचं ट्रंकेत ठेवून दिवाळीनंतर काढ. भिंती रिकाम्या राहिल्या तर राहू देत, मुलांची चित्रं लागली की भरतील. मोबाइलवर दिसणाऱ्या झगमगीत वर्गखोल्यांशी स्वतःची तुलना करत रात्री जागू नकोस. त्या खोल्यांत पाऊस दिसतो का कुठे?

त्याऐवजी शाळा उघडायच्या आधी चार दिवस जाऊन छपराखाली उभी राहा. माकडांनी कौलं फोडली असतील तर कुठे गळतंय ते पाहून बसायची जागा ठरव आणि सरांना सांगून कौलं बसवून घे. अकरा छत्र्या आणि रेनकोट कुठे टांगायचे, चिखलाच्या चपला कुठे काढायच्या, भिजून आलेल्या पोराला पुसायला काय आहे, हे ठरलं की रोजची वीस मिनिटं वाचतात. हजेरीपत्रक आणि नोंदवह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. खडूचा खोका खाली जमिनीवर नको. आणि पोषण आहाराच्या लाकडांच्या ढिगात, पायऱ्यांच्या फटीत हात घालताना जपून. इकडे फुरसं असतं, विषारी साप. ते लहान दिसतं म्हणून त्याला हसू नये. कुणाला काही चावलं तर मंत्र-पाला करण्यात वेळ न घालवता 108 नंबरला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. प्रतिसर्पविषाची लस ठेवणारं जवळचं केंद्र कोणतं, हे आजच विचारून ठेव. व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून कोणती मुलं येतात त्यांचीही यादी कर. व्हाळ चढायची चिन्हं दिसली की त्या मुलांना शाळा सुटायच्या वेळेपर्यंत थांबवायचं नाही, आधीच कुणाबरोबर तरी घरी धाडायचं.

मुलांची माहिती कुणाकडून मिळेल? सरांकडून मिळेलच, पण त्याआधी दोन बायकांना भेट. पहिली अंगणवाडीच्या ताई. तुझी पहिलीची पाचही पोरं तिच्या हाताखालून आलेली आहेत. कोण बोलत नाही, कुणाला कमी ऐकू येतं अशी शंका आहे, कोण आईशिवाय बसत नाही, हे तिला तोंडपाठ असतं. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात मुलांच्या नोंदी झाल्या असतील तर तीही कार्डं मागून घे. दुसरी बाई म्हणजे पोषण आहार शिजवणारी. तिच्याशी मैत्री झाली की अर्धं गाव कळलं. कुणाच्या घरी आजारपण आहे, कोणतं पोर सकाळी पेजसुद्धा न घेता येतं, ते ती तुला भात वाढता वाढता सांगेल. मालवणीही तिच्याकडूनच शीक.

मालवणीचं तू फार मनाला लावून घेतलंयस. मुलं हसतात ती तुझं बोलणं नवं वाटतं म्हणून. तूही हस की. तुझं ‘काहून’ आणि त्यांचं ‘कित्याक’, अर्थ एकच, ‘का’, दोन्ही एकाच फळ्यावर लिही, आठ दिवसांत त्यातली गंमत संपेल. खरी काळजी उलट बाजूची आहे. पहिलीतलं पोर म्हणतं, ‘बाई, आवस मासे इकूक गेली हा, म्हणान माका उशीर झालो.’ त्यावर ‘नीट शुद्ध बोल’ असं म्हटलंस तर ते पोर उद्या उशीर झाल्याचं कारण सांगणारच नाही, आणि परवा शाळेत येणार नाही. तू म्हण, ‘आई मासे विकायला गेली म्हणून उशीर झाला होय? बरं, बस.’ एवढंच. त्याचं त्याने सांगितलं, पुस्तकातली भाषा त्याच्या कानावर पडली, चूक कुणाचीच निघाली नाही. अशी वर्षभरात हजार वाक्यं कानावर पडली की दुसरीत ते आपसूक दोन्ही बोलतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असंच म्हटलंय, तेव्हा कुणी नाक मुरडलं तर तुझ्या बाजूला कायदा आहे.

कन्नड बोलणाऱ्या दोघांचे आईवडील चिरेखाणीवर असतील, असा माझा अंदाज. तसं असेल तर जूनमध्ये ती मुलं बहुधा दिसायचीच नाहीत. पावसात खाण बंद असते, कुटुंबं गावी जातात आणि दिवाळीच्या आगेमागे परततात. पटावर नाव आहे आणि मूल नाही म्हणून घाबरू नकोस, नाव कमी करायची घाईही करू नकोस. आताच आईवडिलांचा फोन नंबर घे, पुस्तकं त्यांच्यासोबत दे. वर्षाच्या मध्ये एखादं नवं मूल दाराशी उभं राहिलं आणि दाखला नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. वर्गात त्याला मागच्या ओळीत एकटं बसवू नकोस, बडबड्या पोराशेजारी बसव. पोरं एकमेकांची भाषा आपल्यापेक्षा लवकर उचलतात. गणित तर चिंचोक्यांवर चालतं, त्याला कानडी काय आणि मराठी काय.

ही कामं शाळेबाहेरची वाटली तर कोकणपट्टीच्याच उत्तर टोकाकडे बघ. डहाणूजवळ बोर्डीला 1945 पासून आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम केलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी गुरांच्या कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. तुला कुरणात जायला मी सांगत नाही. पण सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी संध्याकाळी तू उंबऱ्याशी उभी दिसलीस, तर त्याचा परिणाम कोणत्याही नोटिशीपेक्षा जास्त होईल.

पालकसभा कधी घ्यायची हे इथे समुद्र आणि शेत ठरवतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे एरवी न सापडणारे बापही जूनमध्ये घरी असतात, जाळी विणत बसलेले. पहिली सभा जूनच्या अखेरीआधीच, संध्याकाळी घे. जुलैत लावणी जोरात, बायांना श्वास घ्यायला वेळ नाही. ऑगस्टपासून बोटी सुटल्या की लिलावाची वेळ सांभाळावी लागते. गणपतीत तर विसरूनच जा, मुंबईचे चाकरमानी आले की वाडीतलं एक पोर जागेवर सापडत नाही. चाचणी, प्रकल्प, जे काय असेल ते त्याआधी आटप. पुढे पर्यटनाचा हंगाम, मग घराघरात पाहुणे. हे सगळं दिनदर्शिकेवर सरांना विचारून आत्ताच लिहून घे, वार्षिक नियोजनात ते छापून येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यातल्या एकदोघी बोलक्या असतातच, त्यांना सभेआधी घरी जाऊन भेट.

सभेत भाषण नको. प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाबद्दल एक खरी, चांगली गोष्ट सांग. ‘हुशार आहे’ हे कुणालाही म्हणता येतं. ‘शिंपल्या लावताना त्याने स्वतःहून सातवा प्रकार काढला’ हे फक्त त्याच्या बाईंनाच सांगता येतं.

आता वासाचं. तू मासे खा असं कुणीही म्हणणार नाही, इथे माळकरीही आहेत आणि श्रावण पाळणारेही. पण ज्या पोराची आई पहाटे टोपली घेऊन लिलावाला जाते, त्याच्या अंगाला, दप्तराला तो वास येणार. त्याच्यासमोर नाकाला पदर लावू नकोस. पोरं असलं काही विसरत नाहीत, आणि आईला घरी जाऊन सांगतात. मळमळलं तर खिडकीशी जाऊन पाऊस बघ. महिन्याभरात नाक सरावतं.

‘हसायचं नाही’ म्हणणाऱ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचं ऐकू नकोस. सहा-सात वर्षांच्या पोरांना न हसणाऱ्या बाईची भीती वाटते. घाबरलेलं पोर गप्प बसतं, ते काही शिकत असतं असं नाही. हसणं वेगळं आणि ढिलेपणा वेगळा. एखादी गोष्ट एकदाच सांग, हळू आवाजात सांग आणि ती झाल्याशिवाय पुढे सरकू नकोस. ‘पुन्हा केलंस तर बघ हं’ असं म्हणून पुढे काहीच केलं नाहीस तर मात्र खरंच डोक्यावर बसतील. आणि कुणी ‘एखादी चापट चालते’ म्हणालं, अगदी पालकही म्हणतात, ‘बाई, मारा त्येका’, तरी हात उचलायचा नाही. कायद्याच्या कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. तुझी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवकाची आहेत, नोकरी अजून कायम नाही, हेही ध्यानात ठेव. पण नुसतं नोकरीसाठी नको, मारलेलं पोर दुसऱ्या दिवसापासून तुला उत्तर द्यायचं बंद करतं आणि मग तुला त्याचं काय अडलंय हे कळायचा रस्ताच उरत नाही.

पैशाचंही बोलते, कारण नव्या पोरी याबद्दल विचारायला लाजतात. मानधन 16,000, आणि पगाराच्या शालार्थ प्रणालीत नाव चढून पहिली रक्कम खात्यात यायला वेळ लागू शकतो. दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि किराणा बाजूला असू दे. आता आणखी सजावट घेऊ नकोस. खोली शाळेच्या जवळ बघ, निदान पावसाळ्याचे चार महिने तरी. शहरात राहून एस.टी.ने रोज येईन म्हणशील, पण झाड पडून रस्ता बंद झाला की तू तिकडे आणि मुलं इकडे. कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नकोस. यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, आहाराची नोंदवही, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी, सगळं सर शिकवतील. रोजचं रोज लिही एवढंच. वर्णनात्मक नोंद महिनाअखेरीस आठवून लिहायला बसलं की सगळीच मुलं ‘प्रगती करत आहे’ होतात.

त्या आजीचा प्रश्न शेवटी घेते, कारण तो मला सगळ्यात रास्त वाटतो. तिच्या नातवंडांनी दर दोन-तीन वर्षांनी नव्या बाई पाहिल्यात. कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून येतात, सवय होते तोवर आंतरजिल्हा बदलीचा अर्ज लागतो. त्यात गैर काही नाही, तुझेही आईवडील परभणीला आहेत. पण तिला ‘मी कायमची इथेच’ असं खोटं सांगू नकोस. सांग, ‘आजी, या वर्षाचं तरी नक्की सांगते, आणि जाईन तेव्हा पोरांचं सगळं नीट लिहून देऊन जाईन.’ आणि खरंच तसं कर. दर मुलामागे वहीची दोन पानं ठेव. काय येतं, कुठे अडतं, कशाने खुलतं, घरी कोण आहे. तुझ्या जागी येणाऱ्या बाईला पुन्हा शून्यापासून चाचपडावं लागणार नाही. प्रवेशोत्सवाच्या भाषणात कुणीतरी साने गुरुजींचं नाव घेईलच. गुरुजी कोकणातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे, पण शिक्षक झाले ते लांब खानदेशात, अमळनेरला. तिथल्या शाळेत ते होते 1924 ते 1930, म्हणजे जेमतेम सहा वर्षं. आजीला हे सांगून बघ, तिच्याशी बोलायला विषय मिळेल.

आणि हो, पहिल्या दिवसाचं. तो दिवस तुझा नाहीच. सरपंच येतील, समितीची माणसं येतील, फुलं, पुस्तकं, फोटो, गोड जेवण. पहिलीतलं एखादं पोर भोकाड पसरून आईच्या पदराला लटकेल, त्याला ओढून आत घेऊ नकोस, आईला म्हण तूच बस थोडा वेळ. त्या दिवशी शिकवायचं काही ठरवू नकोस, फक्त अकरा नावं पाठ कर, घरी ज्या नावाने हाक मारतात तीसुद्धा. तुझ्या चिंचोक्यांचा पहिला दिवस दुसऱ्या दिवशी.

साडी नेसायची हौस असेल तर नेस, फोटोत बरी दिसते. पण सुती नको, जूनमध्ये इथे सुती कपडा दोन दिवस वाळत नाही, आणि निऱ्या चिखलात लोळतात. एरवी चुडीदार-कुर्ता आणि ओढणी नियमात बसते आणि व्हाळ ओलांडताना सोयीची पडते. एक कोरडा जोड आणि एक टॉवेल शाळेच्या कपाटात कायम ठेव, कुलूप लावून, नाहीतर सर फळा पुसतील त्याने.